मुलीच्या खो-खोच्या प्रमाणपत्राबाबत

तक्रारदार: मी, राहणार कडाव, तालुका कर्जत, धंदा अर्ज लिहिणे. ज्याच्याविरुद्ध तक्रार: तोही मीच. घटनेचा काळ: मुलीचा दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंत. साक्षीदार तीन: माझी पत्नी, शाळेचे खेळाचे सर आणि कर्जतला माझ्या टेबलाशेजारी बसणारा झेरॉक्सवाला. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. तालुका लहान आहे आणि साक्षीदारांना रोज एकमेकांसमोर यावे लागते.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. तरीही गेली बावीस वर्षे तहसील कचेरीबाहेर माझे टेबल आहे, आणि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर परत आलेला नाही. वारसनोंद, रेशनकार्डातले नाव, बांधाची तक्रार, जातीचा दाखला. माणूस रडत सांगतो ते मी कायद्याच्या वाक्यात बसवतो. पदवीधरही माझ्याकडून मजकूर तपासून घेतात. हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडले ते अडाणीपणामुळे घडले असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी लिहितो.

मुलगी सहावीपासून खो-खो खेळत होती. शाळेच्या मैदानाला लागून भाताची खाचरे आहेत. पाठलाग करताना ती दोनदा सरळ खाचरात गेली आणि चिखलासकट उठून पुन्हा पळाली, असे सरांनी मला सांगितले. मी स्वतः तिचा सामना पाहिलेला नाही. सामने कामाच्या दिवशी असत. दहावीच्या वर्षी खालापूरला जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि ती राज्याच्या सामन्यांपर्यंत गेली. दहावीचा निकाल लागल्यावर प्रमाणपत्र घेऊन सर घरी आले.

पत्नीने चहा ठेवला. सर म्हणाले, "दरवर्षी बारा पोरी तयार करतो मी. दहावी झाली की कोण साजगावला कंपनीत पॅकिंगला, कोणाचं लगीन ठरतं. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतली ती पोर आठवते? हिच्यापेक्षा जोरात पळायची. नववीतनं आईबापामागं वीटभट्टीवर गेली. कॉलेजात जाऊन खेळली अशी माझ्या हातची अजून एक नाय."

"मग हिचं?" पत्नीने विचारले.

"हिचं होईल, वहिनी. पनवेलच्या बाजूला एक कॉलेज हाय, मुलींचा संघ हाय, वसतिगृह हाय. तिथल्या सरांनी हिला खेळताना बघितलंय. खेळाडूंच्या राखीव जागेतनं घेतील. कागद तेवढा जपा."

मुलगी दारात उभी होती. त्या संध्याकाळी ती उगीचच ओट्यावरून अंगणात उड्या मारत राहिली, आणि पत्नी तिला "अगं, पाय मोडशील" म्हणत राहिली.

आमच्याकडे पावसाळ्यात कागद टिकत नाही. कपाटातल्या कागदाला बुरशी धरते, कोपरे कसर खाते. म्हणून महत्त्वाचा कागद लॅमिनेट करून घ्या, असे मी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. दुसऱ्या दिवशी मी प्रमाणपत्र झेरॉक्सवाल्याकडे दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले.

"ओरिजिनल हाय हे. ओरिजिनल नका करू, अर्जवाले."

"तू मशीन चालव. कागदाचं मी बघतो."

"बघा हां. मागनं माझ्या नावानं अर्ज कराल."

आम्ही दोघे हसलो. प्रमाणपत्र गरम, कडक आणि चकचकीत होऊन बाहेर आले.

मुलीला साठ टक्क्यांच्या आत गुण मिळाले होते. गुणांवर त्या कॉलेजात प्रवेश मिळणे शक्य नव्हते. राखीव जागा हाच मार्ग होता. त्यासाठी मूळ प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि पडताळणीचा शिक्का व सही त्याच कागदाच्या पाठीमागे घेतात. हे मला जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर कळले. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. मुलगी माझ्या शेजारी होती.

खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र नखाने वाजवून पाहिले. "यावर शिक्का कुठं मारू? शाई धरत नाही."

मी तिथेच, भिंतीला कागद लावून, दीड पानाचा अर्ज लिहिला. बाईंनी तो पूर्ण वाचला.

"अर्ज छान लिहिलाय हो. पण मला कागद लागतो. दुय्यम प्रत मागवा."

दुय्यम प्रतीसाठी त्याच दिवशी मागणी केली. परतताना एसटी स्टँडवर मुलगी म्हणाली, "पप्पा, भूक लागलीय. वडापाव खायचा?" आम्ही उभ्याने खाल्ले. वडा गार होता.

घरी पत्नीने इस्त्री तापवली. कोणीतरी तिला सांगितले होते की उष्णतेने प्लास्टिक सुटते. मी मदतीला पुढे झालो.

"तुमी बाजूला व्हा. तुमचा हात लागून झालाय त्याला."

प्लास्टिक सुटले. त्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्राही सुटला आणि मुलीचे नाव प्लास्टिकला चिकटून आले. पत्नीने इस्त्री बंद करून भिंतीशी ठेवली आणि पीठ मळायला बसली. मुलीने आत जाऊन अंथरूण घातले. सातच वाजले होते.

दुय्यम प्रत आली, तेव्हा प्रवेश बंद होऊन बरेच दिवस झाले होते. पनवेलच्या सरांना मी फोन केला. ते नीट बोलले. "तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली, साहेब. माझ्या हातात काही नाही."

मुलगी आता कर्जतला अकरावी कॉमर्सला आहे. तिथे मुलींचा खो-खोचा संघ नाही. नावे द्या, अशी सूचना फळ्यावर लागली होती. पहिले नाव तिने लिहिले. मैदानात उतरायला नऊ लागतात. दोन महिन्यांत तीन नावे झाली, मग सूचना काढून टाकली. ती दुपारी घरी येते, जेवते, पडून राहते. शाळेच्या सरांनी लहान मुलींना खांबाजवळचे वळण शिकवायला बोलावले, तर "बघते" म्हणाली आणि गेली नाही. तिने मला दोष दिलेला नाही. चहा देते, टेबलावर न्यायचा डबा भरून ठेवते, "पप्पा, येताना दूध आणा" म्हणते.

मीही रोज टेबलावर बसतो. लोक येतात, मी लिहितो. परवा पत्नी म्हणाली, "सगळा तालुका तुमच्यापुढं बोलतो. हिला तेवढं बोलतं करा." मला ते जमले नाही. विचारायला गेलो की माझ्या तोंडून कारणेच बाहेर पडतात: पावसाळा, बुरशी, कसर.

सबब कन्येस नम्र विनंती की, माझ्याविरुद्ध तिचे जे म्हणणे असेल ते तिने मला सांगावे. मी मधे बोलणार नाही व खुलासा देणार नाही, याची हमी देतो. बारावीनंतरचे कॉलेज अद्याप शिल्लक आहे. तिथे खेळायचे असेल तर तसे कळवावे. काय करायचे ते मी ठरवणार नाही, सरांना विचारीन. खेळायचे नसेल तर तेही कळवावे. उत्तर तोंडी चालेल. सातनंतर मी घरीच असतो.