लोणारच्या पाण्यातला विषाणू

आमच्या अमरावतीच्या लॅबमध्ये कामापेक्षा वाट पाहणंच जास्त. लोणारच्या खाऱ्या पाण्यातले आर्किया, म्हणजे बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्याच कुळातले जीव, वाढायलाच कित्येक आठवडे घेतात. लॅबप्रमुख वानखडे सरांना तर त्या आर्कियांना होणारा विषाणू शोधायचा होता. मग आम्ही चहा घेत बसायचो अन् किस्से साचत जायचे.

* * *

सुषमा ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, मूर्तिजापूरची. अमरावतीत खोली पाहायला गेली अन् खरं बोलून बसली, "मी व्हायरसवर काम करते."

घरमालकीणबाई दारातूनच मागे! मग सर स्वतः समजवायला गेले.

"मावशी, हा विषाणू माणसाले काहीच करत नाही."

"मंग त्याच्या मागं कायले लागले तुमी?"

खोली गेली ती गेलीच. सुषमा घरून येणं-जाणं करत राहिली, अन् अर्धं संशोधन प्रवासातच गेलं.

* * *

लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आम्ही बाटल्या घेऊन धावलो. काठावरच्या एका आजोबांना सरांनी आर्किया, त्यांचा रंग, सगळं समजावलं. आजोबांनी मान डोलावली.

"समजलं सर. पण रंग टाकला कोनं?"

आम्ही पोट धरून हसलो. पुढं पाऊस झाला, रंग गेला. सर म्हणाले, "अजून बाटल्या भराले पाह्यजे होत्या."

* * *

सरांच्या निरोप समारंभात पाहुणे म्हणाले, "सरांनी आयुष्य बॅक्टेरियासाठी वेचलं!" झालं! सरांनी आपलं सगळं भाषण आर्किया म्हणजे बॅक्टेरिया नव्हेत, हे सांगण्यात घालवलं. आभार राहूनच गेले.

घरी जायला गाडीत बसल्यावर सरांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, "एक डाव माहं नाव घेतलं असतं, तर तुमचे बॅक्टेरिया काही रागावले नसते."

"आर्किया," सर म्हणाले.

काकींनी खिडकीकडं तोंड फिरवलं, ते थेट अकोल्याला घर आल्यावरच वळलं.

* * *

विषाणू सापडला तो सर रिटायर झाल्यावर. मोठ्या मायक्रोस्कोपवर काढलेला फोटो आला, पण तोवर शुगरनं सरांची नजर गेली होती. त्यातच लॅबचा फ्रीजर बंद पडला अन् सगळे नमुने खराब झाले. उरला फक्त फोटो. तो घेऊन मी अन् सुषमा अकोल्याच्या जुन्या शहरात सरांच्या घरी गेलो.

"कसा दिसते?" सरांनी विचारलं.

सुषमा उठली. स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, टोकाला दोऱ्याचा तुकडा खोचला अन् सरांच्या तळहातावर ठेवलं.

"असा, सर. ही शेपटी."

सर कितीतरी वेळ लिंबू चाचपत राहिले. चेहरा उजळला.

"जपून ठेवला ना? जिवंत हाय ना?"

सुषमानं माझ्याकडं पाहिलं.

"हाय सर."

काकी चहा घेऊन आल्या अन् कप द्यायला म्हणून सरांच्या हातातलं लिंबू घेऊ लागल्या. सरांनी मूठ मिटली.

"राहू दे वं. जिवंत हाय तो."