बाबांच्या पिस्तुलाची किंमत

बाबा गेले, आणि दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच पोलीस ठाण्यातून निरोप आला. लायसन ज्याच्या नावावर होतं तो माणूसच राहिला नाही, तेव्हा पिस्तूल घरात ठेवता येणार नाही. दुकानात जमा करा आणि रीतसर परवानगी काढून विका. घरात दुसऱ्या कुणाकडे लायसन नव्हतं. मला भाऊ नाही. आणि मी कामोठ्याच्या दोन खोल्यांत अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते, त्याला पिस्तूल लागत नाही. कधीकधी लागेल असं वाटतं, ते सोडा.

विकायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात पिस्तूल जमा होतं, तिथेच त्याची किंमत ठरायची होती. आईने पैशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. निघताना मला दाराशी थांबवून एवढंच म्हणाली, "तुज्या बापसाला कोनी फसवला नवता, येवरा मना कलू दे."

त्यामागे मोठं रामायण होतं. आमच्या गावाची मिठागरं सरकारने घेतली, त्यांच्यावर भरणी झाली आणि गावात पैसा आला. कुणी बंगले बांधले, कुणी गाड्या घेतल्या, आणि ज्यांचं दोन्ही करून झालं त्यांनी लायसन काढून कमरेला पिस्तूल लावलं. हळदीच्या कार्यक्रमात शर्ट जरा वर सरकला की भरून पावलं. बाबांनी ना बंगला बांधला ना गाडी घेतली. त्यांनी थेट पिस्तूल घेतलं. तेही जुनं, परदेशी, तळहातात मावेल एवढं, आणि कंपनीने ते बनवणंच बंद केलेलं. बनत नाही आणि बाहेरून येतही नाही, म्हणजे याचा भाव चढतच जाणार, असा त्यांचा हिशेब होता. गावाला हा हिशेब पटला नाही. हळदीत एकाने सगळ्यांसमोर विचारलं, याने कोंबडी तरी मरेल का? तेव्हापासून बंद पडलेला माल गळ्यात मारून घेतलेला माणूस हीच बाबांची ओळख झाली.

बाबा गावावर ओरडले. तसे ते सगळ्यावरच ओरडायचे. चहा निवला, भातात खडा लागला, दार उघडं राहिलं, मी परक्या जातीत लग्न केलं, सगळ्याला तोच आवाज. आम्हाला त्याची सवय होती. आईला मात्र गावाचं हसणं लागलं होतं, आणि बाबा गेल्यावर ते जास्तच लागायला लागलं. मेलेल्या माणसाला ओरडून उत्तर देता येत नाही. घेतलं त्यापेक्षा कमी आले तर गाव खरं ठरणार होतं, आणि ती किंमत घेऊन घरी मला जायचं होतं.

दुकानदार बाबांच्याच वयाचे. त्यांनी पिस्तूल बाहेर काढलं, मॅगझिन काढून ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, मग नळीतून उजेडाकडे पाहिलं. नळी कोरी करकरीत आहे, म्हणाले. ते चालवलंच नव्हतं तर कोरी असणारच. मूळ खोका होता, दुसरं मॅगझिन होतं, कागद चोख होते. मी विचारलं, कंपनीने बंद केलं त्याचं काय? ते म्हणाले, बंद झालेल्या पिस्तुलाचं घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं असतं, मान भरपूर, पण एखादी स्प्रिंग गेली की पंचाईत. तरी असं पिस्तूल आता मिळत नाही, त्यामुळे भाव चांगलाच. बाबांनी घासाघीस करून घेतलं होतं आणि त्या वेळच्या मानाने ते स्वस्तातच पडलं होतं, हेही त्यांनी सांगितलं.

मला इतकं हलकं वाटलं की आईला तिथूनच फोन लावावासा वाटला. तेवढ्यात त्यांनी पिस्तूल उलटवलं आणि वरच्या भागावर अंगठा फिरवला. तिथे बारीक बारीक खड्डे पडले होते, देवी येऊन गेलेल्या गालासारखे. निळा-काळा रंग उडून खालचं लोखंड खाल्लं गेलं होतं. या खड्ड्यांनी भाव पडतो, म्हणाले. घासून काढले तर वरचे कंपनीचे शिक्के जातात, मग घेणारा आणखी पाडून मागतो. त्यांनी जी किंमत सांगितली ती बाबांनी दिलेल्या किमतीपेक्षा कमी होती. मग ते सहज म्हणाले की याला मीठ लागलंय.

आमच्याकडे दसऱ्याला पाटावर कोयता मांडतात, आजोबांचं मिठागरातलं लाकडी फावडं मांडतात, आणि मधोमध ते पिस्तूल असायचं. आई प्रत्येकाला ओल्या कुंकवाचं बोट लावायची, झेंडूचं फूल ठेवायची आणि वर चिमूटभर मीठ. मीठ ही आमची लक्ष्मी, ते वाहिल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. मिठागर बुजण्याआधी काढलेलं शेवटचं मीठ आईने बरणीत जपलंय, त्यातलंच ते. आणि पूजा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायची नाही. मीठ लोखंडाला काय करतं हे मिठागराच्या माणसांना शिकवावं लागत नाही. पण पूजेतलं मीठही तेच करेल, हे आमच्या मनात कधी आलं नाही. कोयता काय, राखेने घासला की लख्ख.

म्हणजे आता मला दोनच गोष्टी सांगता येत होत्या. एक तर बाबा फसले, नाहीतर बाबांचा हिशेब बरोबर होता आणि आईच्या हाताने तो बिघडला. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. दुकानदारांना वाटलं, मला किंमत पटली नाही.

"तुमच्या वालिदना मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर तेल-पाणी करायला आणायचे. मी म्हटलं, मीठ ठेवू नका, हे खराब होतंय. तर म्हणाले, बायको ठेवते, गंजू दे. त्याच मिठानं तिचे पाय खाल्ले तेव्हा मी काही बोललो नाही, आता पिस्तुलासाठी बोलू?"

मी सही केली आणि बाहेर पडले. नाक्यावर रिक्षावाले बोलावत होते, मी चालतच राहिले. कामोठ्याला न जाता गावची एसटी पकडली. वाटेत खोटं बोलायची पूर्ण तयारी केली. थोडे माझे घालायचे, किंमत वर न्यायची, आईला काय कळणार होतं? हिशेबाच्या वह्यांत मुलांनी असं केलं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढते.

आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. लग्न होऊन आली तेव्हापासून मिठागर जाईपर्यंत तिने डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. तिच्या टाचांना पडलेल्या भेगा अजून भरलेल्या नाहीत, थंडीत त्यांतून रक्त येतं. त्या पायांकडे पाहिलं आणि केलेली सगळी तयारी गेली. मी तिला सगळं सांगितलं. बाबांचा हिशेब चुकला नव्हता हे आधी सांगितलं, मग मिठाचं, आणि मग दुकानदाराने सांगितलं ते जसंच्या तसं.

तिने पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले. मला वाटलं, ती स्वतःला दोष देईल, आणि त्यावर काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. पण ती वेगळंच म्हणाली.

"सगल्यावर वरडले," ती म्हणाली. "यावरच नाय वरडले."

मग ती रडली. बाबा गेल्यापासून ती माणसांत रडली होती, रीत म्हणून रडली होती. हे तसलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि मीही रडले, कारण मला माझे बाबा कळले होते आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढे परवानगी आली, पिस्तूल गेलं. कुणी घेतलं ते मी विचारलं नाही. गावात आईने कुणाला काही सांगितलं नाही. माझा फार जीव होत होता चार जणांना सुनावायचा, पण ती नको म्हणाली.

दसऱ्याला मी मुद्दाम गावी गेले. पाटावर कोयता होता, फावडं होतं, मधली जागा आईने मोकळी ठेवली होती. तिने कुंकू लावलं, फूल ठेवलं, बरणी उघडली. तळाशी थोडंच मीठ उरलं होतं. चिमूट घेतलेला तिचा हात कोयत्यावर थांबला.

"गंजंल," ती म्हणाली.

"गंजू दे, आये," मी म्हटलं.

तिने मीठ ठेवलं. मग पाटाच्या मधल्या मोकळ्या जागेवरही एक चिमूट ठेवली.