मॅडम, माह्यावर खेकसत जा

माझा आवाज मोठा आहे. गुण म्हणून सांगत नाही, घरच्यांना विचाराल तर ते कपाळावर हात मारतील. पण हिंगणघाटहून वडनेरकडच्या खेड्यांना जाणाऱ्या लाल गाडीवर मी कितीतरी वर्षं कंडक्टर होते, आणि त्या गाडीत बारीक आवाजाच्या बाईचं काही खरं नसतं. दारात लोंबकळणारे, पायरीवर थुंकणारे, कोंबड्यांची टोपली सीटवर ठेवून बायकांना उभं करणारे, सगळ्यांना मी सरळ केलं. ड्रायव्हर म्हणायचा, मॅडम असल्या की हॉर्न वाजवायची गरज पडत नाही.

त्यात घरचं वळण. विहारात सभा असली की शाळेत असल्यापासून भाषणाला मलाच उभं करायचे. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे बापानं डोक्यात पक्कं बसवलेलं. म्हणून त्या बाजाराच्या दिवशी मी जे केलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. फक्त ते पुरेसं नव्हतं.

वडनेरच्या पुढच्या एका गावातली बाई माझ्या गाडीनं हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. पस्तिशीची, अंगानं किरकोळ, कमी बोलणारी. कधीकधी नवरा सोबत असायचा. दिसायला एकदम सभ्य. इस्त्रीचा शर्ट, चढल्या चढल्या मला 'नमस्कार मॅडम', म्हाताऱ्यांना हात देऊन वर घेणार. गावात त्याला कोणी नाव ठेवत नव्हतं.

त्या दिवशी गाडी ठासून भरली होती. सावंगीला दवाखान्यात नोकरी करणारा एक माणूस आपल्या गावी निघाला होता. त्यानं हिला उभी पाहून आपली जागा दिली, ही बसली. नवरा गर्दीतून वाट काढत पुढं आला, एक शब्द बोलला नाही, आणि सगळ्यांच्या देखत तिच्या कानाखाली ठेवून दिली. पुन्हा हात उचलला तर त्या माणसानं तो वरच्या वर धरला.

मी एकच घंटी दिली, गाडी थांबली. सांगून टाकलं की ही गाडी आता सरळ ठाण्यात जाणार, ज्याला घाई असेल त्यानं इथंच उतरावं. अख्खी गाडी माझ्या बाजूची. दोघी-तिघी तर पदर खोचून तयार. तेवढ्यात ती बाई उठली. नवऱ्याकडे नाही, हात धरणाऱ्या माणसाकडे वळली.

"तुम्ही माह्ये कोण लागता?" ती म्हणाली. "नवरा हाये तो माहा. तुमाले काय करा लागते?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाली की घंटी द्या मॅडम, उशीर होऊन राह्यला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. त्या माणसानं हात सोडला आणि पुढच्या फाट्यावर मान खाली घालून उतरून गेला. नवरा गालातल्या गालात हसत उभा. मी डबल बेल दिली, दुसरं काय करणार होते?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही, तिच्यावर. चहाच्या टपरीवर ड्रायव्हरला म्हटलं, मरू दे तिकडं, हौसच असेल मार खायची. घरी आमच्या यांना तेच ऐकवलं, भाजी करपली तरी ऐकवतच होते. त्यानंतर तिकीट देताना मी तिच्याकडे बघायचंही सोडलं.

मग दिवाळी झाल्यावर एका सकाळी गाडी जवळपास रिकामी होती आणि ती एकटीच होती. सरळ येऊन माझ्या बाजूला बसली. मी तिकिटाच्या मशीनमध्ये डोकं घातलं. तिनं विचारलं, तो माणूस पुन्हा दिसला का? दिसला तर सांगा, बाईनं माफी मागितली म्हणून. मी फणकाऱ्यानं विचारलं, मग तेव्हा कशाला एवढा नवऱ्याचा पुळका आला होता?

"घरी गेल्यावर त्यानं हेच विचारलं असतं मले," ती म्हणाली. "तो तुहा कोण लागते? कवापासून वळख हाये? म्हून मीच विचारून टाकलं, साऱ्यायच्या समोर. मंग त्याच्यापाशी विचाराले काही उरलं नाई."

कोण लागतो, हे तर आपण दिवसातून दहादा विचारतो. लग्नात, दवाखान्यात, गाडीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा. इतका साधा, मायेचा प्रश्न. तिच्या घरात तो मारायच्या आधी विचारला जात होता. त्या दिवशी मात्र नवऱ्यानं हात लावला नाही. उलट पानठेल्यावर बसून बायकोनं त्या माणसाला कसं झापलं ते चार लोकांना कौतुकानं सांगितलं.

ठाण्याचंही तिनं सांगितलं. तिथून घरी ती त्याच्यासोबतच गेली असती. तुम्ही तर डबल बेल देऊन पुढं निघून गेल्या असत्या मॅडम, असं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. गाडीची वेळ सांगावी इतकं सरळ बोलली, आणि म्हणूनच ते मला फार लागलं.

तिची मुलगी दहावीला होती. घरात वाजलं की तो आधी पोरीची शाळा बंद करायचा, एकदा पुस्तकं चुलीत घातली होती. आष्टीला तिची बहीण शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर होती, तिनं खोली बघून ठेवली होती. पोरीचे पेपर होऊ द्यायचे, मग तिला घेऊन निघायचं आणि परत यायचं नाही. तोवर त्याला कसलाही संशय यायला नको. बस्स, एवढंच तिला साधायचं होतं.

मी लगेच सुरू झाले. ओळखीच्या वकीलबाई आहेत, महिला मंडळ आहे, मी स्वतः येते. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"काही करू नका. तो संग असला का माह्यावर खेकसत जा. तुम्ही गोड बोलल्या तं तो मले ह्या गाडीनं येऊ देणार नाई."

आयुष्यभर लोकांनी मला सांगितलं, बाई, जरा गोड बोल. उलटं मागणारी ही पहिलीच. मग काय, मी खेकसले. सरकून बस, गाडी काय तुह्या बापाची हाये? थैली उचल, आंधळी हायेस का? नवरा खूश व्हायचा. एकदा मला म्हणालाही की बरोबर आहे मॅडम, लय सुस्त आहे ते. मीही हसले. एका म्हाताऱ्या आजीनं मला सगळ्यांसमोर सुनावलं, गरिबाच्या लेकीला कशाला छळता म्हणून. ऐकून घेतलं.

एकदाच घसरले. तिच्या डोळ्याखाली सूज दिसली आणि तोंडातून निघून गेलं, काय झालं वं? आवाज आपोआप मऊ पडला होता. नवऱ्यानं चटकन मान वळवली. तीच माझ्यावर उखडली, तिकीट द्या ना, तोंड काय पाहता? मग मीही तोंड सोडलं, तेव्हा कुठे त्यानं मान फिरवली. घरी येऊन मी खूप रडले.

पेपर संपले. सकाळच्या गाडीला मायलेकी थांब्यावर उभ्या, हातात एकच थैली. बहिणीच्या शेजारी बारसं आहे असं सांगून निघाल्या होत्या. तो सोडायला आला होता. दोघी चढल्या, आणि यानं पायरीवर पाय ठेवला. म्हणाला, मीबी येतो हिंगणघाटपर्यंत. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला काही सुचेना, म्हणून जे येत होतं तेच केलं.

"काऊन वं, मधात काऊन उभी हायेस?" मी तिच्यावर ओरडले. "बाराश्याले चालली का तमाशाले? बसाचं असन तं बस, नाईतं उतर खाली!"

तो हसला. पाय मागं घेतला. म्हणाला, मॅडम हायेत ना, मंग मले याचं काम नाई. मी डबल बेल दिली.

गाव मागं पडलं. गाडीत गावातलीच माणसं होती, त्यामुळे तिच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता. तेवढ्यात ती पोरगी जागेवरून उठली. आईनं तिला आमचं काही सांगितलेलंच नव्हतं. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माह्या मायसंग नीट बोला मॅडम. ते कोणाची नोकर नाई."

मी तिच्या आईकडे बघितलं. एका शब्दात ती पोरीला गप्प करू शकली असती. ती नुसती पोरीकडे बघत राहिली.

मी म्हटलं, चुकलं बाई माझं.