आम्ही बुजवलेला चौक

टेम्पोत सगळं सामान चढलं, आई ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, तरी बाबा वरून उतरेनात. मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर ते परळच्या आमच्या खोलीचं कुलूप ओढून बघत होते. एकदा बघून समाधान नाही म्हणून पुन्हा. खोली आम्ही सोडली नव्हतीच. पनवेल मानवलं नाही तर परतता यावं म्हणून ती काकांच्या ताब्यात दिली होती. 'जागा सोडायची नसते रे, धरायची असते,' हे बाबांचं वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो होतो. खाली शेजारच्या सावंतकाकू डोळे पुसत आईला म्हणत होत्या, "पनवेल म्हणजे फार लांब हो. तिथून पुढे कोकणच सुरू होतं!"

आपल्या चाळीतले तुम्ही, जे परळला राहिलात आणि जे माझ्यासारखे मागेपुढे निघालात, त्या सगळ्यांना ठाऊक आहे की आम्ही आईच्या दम्यापायी निघालो. आमची खोली मधली. एक दार, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर पलीकडच्या चाळीची भिंत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, औषधं देतो, पण हवा बदला. बाबा छापखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, मी बँकेत चिकटलो होतो. नव्वदच्या आसपासचा काळ. पनवेलच्या नव्या वसाहतीत घर लागल्याचं पत्र आलं तेव्हा आई पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "खिडक्या किती आहेत?"

खिडक्या दोनच होत्या. वसाहत कुणा आर्किटेक्टनं बरंच डोकं लावून आखली होती म्हणे, पण आम्हाला पहिल्या दिवशी दिसलं ते एवढंच, की भिंतींना गिलावा नाही. नुसत्या उघड्या विटा. "पैसे संपले वाटतं यांचे," बाबा म्हणाले. उंच इमारती नव्हत्याच. बैठी घरं एकमेकांना खांदा लावून ओळीनं बसवलेली, त्यामुळे थोडक्या जमिनीत पुष्कळ कुटुंबं मावली होती आणि तरी प्रत्येकाला स्वतःची गच्ची होती. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. त्या बाजूंनी वारा येणार कुठून? म्हणून प्रत्येक घराच्या मधोमध आभाळाकडे उघडा असा लहानसा चौक ठेवला होता, आणि मागच्या बोळाकडच्या भिंतीत विटा सोडून सोडून रचलेली जाळी होती. हे 'म्हणून' मला आता कळतं. तेव्हा आम्हाला ती फक्त वाया घालवलेली जागा दिसली.

त्या पहिल्या हिवाळ्यात आई बदलली. जिना चढून गच्चीवर जायची, पापड वाळत घालायची, आणि खाली येऊन न थांबता बोलायची. धाप निम्म्यावर आली होती. आपण बरोबर केलं असं वाटून आम्ही निवांत झालो. त्यातच माझं लग्न ठरलं आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला. नवराबायकोनं राहायचं कुठे?

चाळीत वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. मोकळं दिसलं की बंद करा. आपण सगळ्यांनी नाही का गॅलरीला फळ्या ठोकून मोऱ्या केल्या, मोऱ्यांवर माळे केले? चौकावर पत्रा टाकायचा, उघड्या बाजूला भिंत घालायची, धूळ-डास नकोत म्हणून जाळी बुजवायची, झाली खोली! बाबांना हा बेत इतका पसंत पडला की त्यांनी खडूनं पलंगाची जागासुद्धा आखून टाकली. आई मला म्हणाली, "कर बाबा. माझं काय, मी कुठेही पडेन."

गवंडी म्हणून हिराजी आला. पनवेल-उरणकडच्या एका गावातला, पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. शेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतल्यावर त्यानं हातात थापी धरली होती आणि हीच वसाहत बांधायला त्याचे हात लागले होते. त्यानं जाळीला हात लावून पाहिलं आणि मान हलवली.

"दादा, ही बुजवू नका. आमी खाडीकाठच्या खारीला बांध घालतो, तवा पण पानी जायाला उघाडी ठेवतो. ही वाऱ्याची उघाडी हाय. थंड हवा हितनं आत येते, तापलेली चौकातनं वर जाते. आनि खोलीच पायजे तर वर चढा ना! गच्चीवर खांबांच्या सळया कशाला ठेवल्यात मग?"

मी पंचवीस वर्षांचा, पदवीधर, बँकेतला. "हिराजी, तुम्ही थापी चालवा. डोकं मी चालवतो," असं मी त्याला म्हणालो. हे लिहिताना आजही कान गरम होतात. तो थापी उचलून कामाला लागला. मी दिवसभर कामावर, बाबा जेवून आडवे झालेले. आठवड्याभरात भिंत उभी राहिली, वर पातळ गिलावाही झाला.

फेब्रुवारीत खोली झाली आणि एप्रिलमध्ये घराची भट्टी. आई दुपारी पुढच्या पायरीवर बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "आत करमत नाही, येणारंजाणारं दिसतं इथे." माझा तिच्यावर विश्वास बसला, कारण तो बसणं सोयीचं होतं.

मेच्या सुरुवातीला उज्ज्वला, म्हणजे माझी होणारी बायको, घर बघायला आई-वडिलांबरोबर आली. आम्ही तिला कौतुकानं नवी खोली दाखवत होतो. तिचं लक्ष पायरीकडे होतं. ती बाहेर जाऊन आईशेजारी बसली, जरा वेळानं आत आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "आईंना एक वाक्य सरळ पुरं करता येत नाहीये. त्या उन्हात हवा खायला बसतात. मला ही खोली नको."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या दम्यासाठी चाळ सोडली, तोच दमा मी स्वतः गवंडी लावून घरात परत आणला होता. बाबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. धरलेली जागा सोडा असं त्यांना कोण सांगणार? पण ते उठले आणि कुणाला काही न सांगता त्या खोलीतलं कपाट बाहेर ओढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी खालमानेनं हिराजीच्या घरी गेलो. तो पहार न घेताच आला. मी म्हटलं, भिंत पाडायची आहे. "पाडायला कशाला लागते?" म्हणत त्यानं थापीनं गिलावा खरवडला आणि एक वीट नुसत्या हातानं ओढून काढली. मग दुसरी. सगळी भिंत त्यानं चिखलात रचली होती! सिमेंट फक्त वरच्या गिलाव्यापुरतं. उरलेलं सिमेंट आमच्याच माळ्यावर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं त्यानं मला काढून दाखवलं.

"तुमी मना परत बोलावनार, ठाव व्हतं," तो म्हणाला. "म्हातारीला जाळीजवल बसलेली बघितली व्हती मी."

दुपारपर्यंत जाळी मोकळी झाली, पत्रा उतरला. एकही वीट न फुटता सगळ्या निघाल्या आणि त्याच विटांनी हिराजीनं गच्चीवर, त्या सळयांच्या आधारानं, आमची खोली बांधली. कमी पडल्या त्या सळया कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणल्या. लग्नाला खिडक्यांची तावदानं बसली नव्हती, तरी उज्ज्वलाची काही तक्रार नव्हती. आई चौकात चटई टाकून जेवणानंतर आडवी व्हायची, आणि तिचं घोरणं वर ऐकू आलं की आम्ही दोघं गालातल्या गालात हसायचो. परळची खोली बाबांनी दोन वर्षांनी सोडली, आपण होऊन.

आता आमच्या ओळीतले बहुतेक चौक बुजलेत, एसी लागलेत. कामोठ्याला, उलव्याला केवढे मनोरे उभे राहिले. कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी परळ म्हणत नाही. आई पनवेलच्या त्या घरात चोवीस वर्षं जगली. गेली ती म्हातारपणानं, झोपेत, शांतपणे श्वास घेत. डॉक्टरांनी दाखल्यावर कारण लिहिलं, ते मी दोनदा वाचलं. त्यात दमा नव्हता. आई गेल्याचं दुःख होतंच, पण खोटं कशाला सांगू, तो कागद हातात धरून मला हायसं वाटलं.