वहिनी न रडता

माझी पहिली शॉर्टफिल्म मी पोशीरला, आमच्याच घराच्या पडवीत केली. गोष्ट एवढीशीच: लेक सुट्टीला येणार म्हणून आई वाट बघते आणि ती येत नाही असा फोन येतो. आई झाली होती माझी वहिनी. कॅमेरा कॉलेजच्या मैत्रिणीचा. लग्नांची शूटिंगं करून तिचा हात चांगला बसलेला.

फोननंतर वहिनीने रडायचं होतं. पण कॅमेरा तोंडाशी आला की तिला हसू फुटायचं. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी मैत्रीण म्हणाली, "तिला रडवूच नकोस. नुसते तांदूळ निवडू दे."

तिने लाल खुर्च्या आणि दोरीवरचे कपडे हलवले आणि कॅमेरा पार अंगणाच्या टोकाला नेला. ऊन उतरलं होतं. लांबलचक रिकाम्या पडवीच्या एका कोपऱ्यात वहिनी सुपावर वाकलेली, एवढीशी दिसत होती. आम्ही बराच वेळ कॅमेरा चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर मैत्रिणीने त्या दृश्याला निळसर झाक दिली. वहिनी पदराला हात पुसत बघायला आली.

"हिला कुनी इचारत नाय गं," ती म्हणाली. जणू पडद्यावरची बाई दुसरीच कुणी होती.

मग मैत्रिणीने तेच दृश्य पिवळसर, उबदार केलं. वहिनीचा चेहरा खुलला. "आता येतंय कुनीतरी हिच्याकडं."

मी ताडकन उठले. बाई तीच, सूप तेच, फक्त रंग बदललेला! फोनच्या आधी हा रंग, नंतर तो निळा, असं मी त्यांना सांगत सुटले. वाक्यं धड पुरी होईनात. लगेच आधीच्या भागासाठी आम्ही कॅमेरा सुपाशेजारी ठेवून वहिनीचे हात आणि चेहरा जवळून घेतला. या वेळी तिच्या हसण्याची अडचण नव्हती, तेच हवं होतं.

फिल्म गावातल्या शाळेत दाखवली. दुसऱ्या दिवशी मी शिळफाट्याला दुकानात कामावर असताना वहिनीचा फोन आला. शेजारची काकू वाटीभर खीर घेऊन तिची समजूत काढायला आली होती. वहिनीला लेक नाहीच, दोन मुलगे आहेत, आणि ते तिथेच अंगणात भांडत होते. वहिनीने त्यांच्याकडे बोट दाखवलं, तरी काकू म्हणाली, "पोरं हायत गं, पन लेकीची गोष्ट येगळी."

गिऱ्हाईक समोर थांबलं होतं. त्याला जरा थांबा म्हणून मी आधी मैत्रिणीला फोन लावला.