उसनं तेल

माझी आत्या सरकारी नोकरीत होती आणि लोकांच्या स्वयंपाकघरात डोकवायची. कुठल्या घरात किती पीठ, किती तेल, किती साखर लागते ते चूल पेटायच्या आधी काट्यावर तोलायचं आणि फॉर्मात लिहायचं, हे तिचं काम. सहा महिने शहर, सहा महिने खेडी. "नसत्या चौकशा करायचा पगार मिळतो हिला," आजोबा म्हणायचे.

शहरातले लोक ती आली की साखर पलंगाखाली सारायचे. जास्त दिसली तर स्वस्त मालाचं कार्ड जाईल, ही धास्ती. खेड्यात सगळं उलट. तिथे मोजणीवाली बाई येणार म्हटलं की शेजारून उसनं आणून भांडी भरायची. अब्रूचा प्रश्न! पोचा आलेली तेलाची एकच किटली एका सकाळी आत्याला तीन घरांत भेटली. ती मनात हसली आणि तिन्ही वेळा तोलली. काटा सांगेल ते लिहायचं, असा नियमच होता.

मग बाजार खुला करायचं वरून ठरलं. ठरावीक भावाची सरकारी दुकानं एकेक करून बंद होणार होती. जिथे लोक पोटभर खातात तिथली आधी. हे कळल्यावर आत्याचं हसू आटलं. त्या फेरीत ती एका गवंड्याच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, हे तेल परत देऊन या. मी थांबते."

"का? आमच्या घरात तेल नसतं वाटतं?"

"तुमचं दुकान जाईल हो."

"गेलं तर गेलं. दारी आलेल्याला रिकामं भांडं नाही दाखवत आम्ही. तोला."

आत्यानं तोललं आणि लिहिलं. मला त्याचा अजून राग येतो. नोकरीची भीती होती, आणि त्या बाईचा मान मोडायचा धीरही झाला नाही, असं आत्या सांगते.

वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं. तेल मिळायचं, पण दोन तास चालून, दुप्पट भावानं. पुढच्या फेरीला आत्या गेली तेव्हा घरोघरची ती लगबग नव्हती. बारा घरं तिनं दुपारच्या आत तोलून संपवली. गवंड्याच्या बायकोनं काट्यावर वाटी ठेवली. तळाशी चमचाभर तेल होतं.

आत्याला राहवलं नाही. "या खेपेला शेजारून नाही आणलंत?"

"कुणाकडून आणू, बाई?"