दोनशेचा बल्ब

कमी व्होल्टेजवर ट्यूब फडफडली की मुरूम गावच्या शाळेतली प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून विज्ञानाच्या सरांनी मालवणहून कॅनभर खारं पाणी आणि जिवंत प्रवाळ चिकटलेला एक दगड आणून काचेच्या टाकीत ठेवला. प्रवाळाला उजेड लागतो. सर म्हणाले, "ट्यूबच लावू, ती तापत नाही." पण ट्यूब नुसतीच फडफडायची, पेटायची नाही. मी नवी शिक्षिका, उतावळी. सोसायटीच्या दुकानातून दोनशे वॅटचा बल्ब आणून मीच लावला. दगड असा उजळला की पोरं रांग लावून बघायला लागली. बल्बनं पाणी आटायला हवं होतं, तरी रोज सकाळी टाकी काठोकाठ असायची आणि प्रवाळ मात्र पांढरं पडत चाललेलं. शेवटी सरांनी शाळा झाडणाऱ्या मावशींना विचारलं. "म्याच भरते की, सर. टँकरचं तांब्याभर पानी घरनं आनते. समुद्राचं हाय म्हनून वर मूठभर मीठ टाकते." पाणी आटलं तरी मीठ टाकीतच राहतं, वरच्या मुठीनं प्रवाळ मरतंय, हे त्यांना सांगायचं कसं? मी बल्ब काढला. पुढं शाळेला सुट्टी लागेपर्यंत मावशी आपल्या पिण्यातलं पाणी त्या मेलेल्या दगडाला घालत राहिल्या, आणि मी रोज ते पाहूनही गप्प बसले. बल्बचं मी केव्हाच विसरले असते. तो तांब्या विसरता येत नाही.